पाठ टेकल्यावर

तरुणपणी कऱ्हाडजवळच्या तालमीत माती अंगाला लावलेले माझे मामा एकदा पुण्यात आमचा क्लास बघायला आले. तासभर गप्प बसले आणि निघताना म्हणाले, "पाठ लागली म्हंजे कुस्ती निकाली. तू तर मर्दा आधीच उताणा पडतोस!"

कुस्तीच्या हिशेबानं त्यांचं खरंच होतं. ब्राझिलियन जिऊ-जित्सूत मात्र पाठ टेकल्यानं काहीच ठरत नाही. खालच्यानं दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती आवळले किंवा तळवे त्याच्या कमरेवर रोवले, की तो झाला गार्ड. वरच्याला ते पाय ओलांडून पलीकडे यावं लागतं. स्पर्धेत त्याचे 3 गुण. खालच्यानं त्यालाच उलथवलं तर 2. छातीवर मांड ठोकली किंवा मागून पाठ धरून पायांचे आकडे मांड्यांत अडकवले तर 4. पण गुणफलक काहीही सांगो, एकानं हात थोपटला की लढत तिथंच संपते.

मला लिहायचंय ते या थोपटण्याविषयी. आखाड्यात कोण हरलं ते पंच सांगतो; इथं बहुतेक वेळा हरणाऱ्यालाच ते सांगावं लागतं, तेही स्वतःच्या हातानं. नव्या माणसाला, त्यातून चाळिशी गाठलेल्या पुरुषाला, हे फार जड जातं. आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका धिप्पाड गृहस्थांच्या पाठीवर कॉलेजातली एक किडकिडीत मुलगी वेलीसारखी चढली, तिचा हात त्यांच्या हनुवटीखाली नेमका बसला, चेहरा लाल झाला, तरी यांचे हात जागचे हलेनात. शेवटी तीच काकुळतीला आली, "काका, टॅप करा ना!" आणि तिनंच पकड सोडली. त्यांना वाटलं, आपण सुटलो. प्रत्यक्षात या फासात श्वासनळी दाबायची नसते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दबतात आणि काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. फारसं दुखत नाही, म्हणून माणसाला वाटत राहतं की अजून दम आहे.

सांध्यांचे डाव निदान पूर्वसूचना देतात. आर्मबारमध्ये समोरच्याचा दंड आपल्या मांड्यांत, मनगट छातीशी आणि कंबर हळूहळू वर. कोपर मोडायच्या आधी चांगलं कुरकुरतं. हील हुक मात्र लबाड. पिळतो आपण टाच, ताण जातो गुडघ्यात, आणि दुखल्याचं कळेपर्यंत आतला अस्थिबंध गेलेला असू शकतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय फेडरेशननं तो गीशिवायच्या लढतीत, तेही फक्त प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना मोकळा ठेवलाय. गी म्हणजे आमचा तो जाड सुती अंगरखा. त्याची कॉलर-बाही धरून धरून बोटांची पेरं सुजतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कीबोर्ड नकोसा होतो.

या सगळ्याचं मूळ जपानात आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोडोकान ही जुडोची शाळा काढली तेव्हा जुन्या जुजुत्सूतले घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले. उरले ते डाव पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या माणसावर, रोजच्या रोज वापरून बघता येऊ लागले. माझ्या मते जुडोचं खरं यश यातच आहे. डोळे फोडण्याची युक्ती कितीही भयंकर असली तरी तिचा सराव हवेतच करावा लागतो. कोडोकानमध्ये घडलेला मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचला, पुढे बेलेममध्ये कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला, आणि ग्रेसी भावंडांनी जमिनीवरच्या झुंजीलाच आपला संसार केला. डावांबरोबर ही सरावाची रीतही समुद्र ओलांडून गेली.

त्याच घराण्यातली एक कथा आमच्यात भक्तिभावानं सांगितली जाते. 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये हेलियो ग्रेसी जपानी जुडोपटू मासाहिको किमुराशी लढला. हात पिळवटून निघाला तरी त्यानं थोपटलं नाही. अखेर त्याच्या बाजूनंच लढत थांबवण्यात आली. त्या पकडीला आज किमुरा म्हणतात. हेलियोच्या छातीला दाद द्यावीच लागेल. पण मंगळवारी संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर, ही कथा डोक्यात घेऊन मॅटवर उतरणाऱ्याशी मी रोल करत नाही.

रोल म्हणजे आमची पाच-सहा मिनिटांची मोकळी लढत. पहिल्या मिनिटातच ताकदीवर खेळणारे ओळखू येतात: श्वास रोखलेला, दात आवळलेले, मुठी सुटत नाहीत. गंमत अशी की क्लासमध्ये भीती वाटावी ती यांचीच, तपकिरी पट्ट्याची नव्हे. जाणता माणूस जागा पटकन घेतो, पण शेवटचा पीळ सावकाश देतो आणि समोरच्याला थोपटायला वेळ ठेवतो. माझ्यासारखा वजनदार माणूस वर असला की तो कुरकुरत नाही, बरगड्यांखाली गुडघा सरकवून श्वासापुरती जागा करतो. आपण फसलो की तोच सांगतो, "कोपर आत ठेवा की, पुन्हा घ्या." थोपटणं इतकं स्वस्त असल्यामुळेच एका संध्याकाळी पाच वेळा हरता येतं आणि पाचही वेळा वेगळं काही कळतं. गुडघा मोडून घरी बसलेल्याला यातलं काहीच मिळत नाही.

तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना शिकायचं असेल, तर भिंतीवरची पदकं आणि शिक्षकाचा पट्टा बघून पैसे भरू नका. एक दिवस नुसते बाजूला बसा आणि रोलिंग बघा. हात थोपटल्याबरोबर पकड सुटते का, एवढंच पाहा. क्षणभरही उशीर होत असेल आणि शिक्षक त्यावर काही बोलत नसतील, तर दुसरा क्लास शोधा. आणि नाव घातलंतच, तर येताना नखं कापून या.