गिनी एक, गिऱ्हाइकं दोन

तुमच्या घरी गिनी आहे का? आईबाबांना कदाचित ठाऊक नसेल, आजीला विचारा. असली तर पाच मिनिटांसाठी मागून घ्या. (आजी शेजारीच उभी राहणार, हे गृहीत धरा!) गिनी कडेनं धरायची, मधोमध बोट लावायचं नाही, आणि खाली टॉवेलची घडी ठेवायची. एका बाजूला राजा किंवा राणी दिसेल. दुसऱ्या बाजूला बहुधा घोड्यावर बसून एका अक्राळविक्राळ प्राण्याला मारणारा वीर असेल. तो सेंट जॉर्ज.

आपण हिला गिनी म्हणतो, पण हे खरं तर सॉव्हरिन. असली गिनी १६६३ ते १८१४ या काळात इंग्लंडमध्ये पाडली जाई. आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून सोनं येई, म्हणून ते नाव. १८१७ पासून हे सॉव्हरिन आलं, पण आपल्या सराफांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. वजन ७.९८ ग्रॅम, सोनं बावीस कॅरेटचं, म्हणजे चोवीस भागांतले बावीस भाग सोनं. गणित करून बघा. शुद्ध सोनं सुमारे ७.३२ ग्रॅम येतं.

आता नाण्यावर पाचवा जॉर्ज राजा असेल तर भिंग आणा. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या बरोबर वर, एखादं बारीक इंग्रजी अक्षर दिसतं का? एस असेल तर नाणं सिडनीचं. एम म्हणजे मेलबर्न, पी म्हणजे पर्थ, सी म्हणजे कॅनडा, एस आणि ए जोडीनं असतील तर दक्षिण आफ्रिका. काहीच नसेल तर लंडन. आणि आय असेल तर? तर ती आपल्या मुंबईची! पहिल्या महायुद्धात जहाजांतून सोनं हलवणं धोक्याचं झालं होतं, म्हणून लंडनच्या रॉयल मिंटनं मुंबईत शाखा उघडली. तिथं १९१८ साल घातलेली सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पडली आणि पुढच्याच वर्षी शाखा बंद झाली. त्याच १९१८ साली मुंबईत पंधरा रुपयांची मोहरही पाडली, तीही वजनाला अगदी सॉव्हरिनएवढीच.

एवढं सगळं एका कणाएवढ्या अक्षरात! पण हे अक्षर पाहून ज्याला आनंद होतो तो संग्राहक. ज्याला त्याचं काही वाटत नाही, जो फक्त तराजूचा काटा बघतो, तो गुंतवणूकदार. पहिला विचारतो, "कोणतं नाणं?" दुसरा विचारतो, "किती सोनं?"

या दोघांची गाठ एकाच दुकानात पडलेली मी पाहिली आहे. १९९७ सालची गोष्ट. माझ्या आत्याकडे सहा गिन्या होत्या, तिच्या सासूबाईंनी दिलेल्या. आतेभावाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि फी भरायला चार दिवस उरले. मी आत्याबरोबर सराफकट्ट्यावर गेलो. सराफांनी सहाही गिन्या तराजूत टाकल्या. दोन गिन्यांना माळेत ओवण्यासाठी कड्या जोडलेल्या होत्या. जोडाचं सोनं हलकं, म्हणून तेवढी तूट धरली. बाकी चेहरा कोणाचा, साल कोणतं, याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी मात्र खिशातलं भिंग काढलं. एका गिनीवर १९१८ आणि आय!

"आत्या, ही देऊ नकोस. ही मुंबईची आहे."

"वजनाला जास्त भरते का रे?"

"नाही गं. पण नाणी जमवणारे थोडे जास्त देतील. पुण्याला प्रदर्शन भरेल तेव्हा..."

"कधी?"

"दोन महिन्यांनी."

"आणि फी शुक्रवारी भरायचीय," आत्या म्हणाली आणि सराफांकडे वळली.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या एका गिनीचे सराफ देणार होते तेवढे पैसे आणि वर शंभराची नोट मी आत्याच्या हातात ठेवली. बाकी पाच तिथंच राहिल्या. त्या मुशीत गेल्या असणार.

आत्याचं काही चुकलं का? मला नाही वाटत. सोनं एका दुपारी, कुठल्याही गावात, पटकन विकता येतं, हाच तर त्याचा मोठा गुण. संग्राहकाच्या नाण्याला मात्र हौशी गिऱ्हाईक शोधावं लागतं आणि ते सापडेपर्यंत वाट पाहावी लागते. तरीही मनात येतं, सोनं वितळवून पुन्हा सोनं मिळतं. नाणं वितळलं की ते नाणं गेलं ते गेलंच.

नकली गिनीचं उदाहरण तर फारच मजेदार आहे. चोरांनी बनवलेल्या काही नकली गिन्या चक्क खऱ्या सोन्याच्या असतात, वजनही जवळजवळ बरोबर! सोनं घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. संग्राहक मात्र साफ बुडाला, कारण त्यानं जादा पैसे मोजले ते सोन्याचे नव्हतेच.

आता अमेरिकेत चला, कारण जादा पैशाचा कळस तिथं झाला. १९३३ साली तिथं वीस डॉलरची ४,४५,५०० नाणी पाडली गेली. 'डबल ईगल' हे त्यांचं नाव. पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना सोनं सरकारजमा करायला लावलं, आणि ही नाणी चलनात येण्याआधीच वितळवण्याचा हुकूम झाला. थोडी नाणी मात्र बाहेर निसटली. त्यांतलं एक २००२ साली लिलावात सुमारे ७६ लाख डॉलरला गेलं, आणि तेच २०२१ साली सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला! त्यात सोनं किती? जेमतेम तीस ग्रॅम. २०२१ च्या भावानं अठराशे डॉलरच्या आसपास.

हे ऐकून तुमचे डोळे चमकले असतील तर जरा थांबा. माझी मुंबईची गिनी काही तशी दुर्मिळ नाही. तेरा लाखांतली एक ती. साध्या गिनीपेक्षा थोडी जास्त किंमत येईल, एवढंच. नाणं जुनं आहे म्हणून महाग होत नाही. ते थोडंच उरलेलं हवं, चांगल्या अवस्थेत हवं, आणि हवंसं वाटणारे लोकही हवेत. म्हणून जुनं नाणं चिंचेनं, रिठ्यानं, दात घासायच्या पावडरीनं चकाकवू नका. सराफाला चालेल, संग्राहक तोंड फिरवील.

आणि धनत्रयोदशीला घेतात ती लक्ष्मीच्या छापाची नाणी? ती मुळात चलनी नाणी नव्हेतच. त्यांच्यावर राजा नाही, सरकार नाही, किंमतही नाही. ती सोन्याची सुबक चकती. ती गुंतवणूक म्हणूनच घ्यायची, आणि सोन्याच्या भावावर घडणावळ आणि कर किती लागला ते पावतीवर बघायचं. चकती जितकी लहान, तितकी ग्रॅममागे घडणावळ साधारणपणे जास्त. बँकेतून घेतली तर बँक ती परत विकत घेत नाही, हेही विचारात घ्या. मखमली डबी आणि 'मर्यादित आवृत्ती'चं प्रमाणपत्र यांचा तर मला संशयच येतो. विकायला गेलात की डबी बाजूला ठेवतात आणि चकती तराजूत टाकतात.

बरं, सोनं नेहमी चढतंच असंही नाही. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलर झालेला भाव १९९९ मध्ये २५२ डॉलरच्या आसपास आला होता. ८५० पुन्हा दिसायला २००८ साल उजाडलं. अठ्ठावीस वर्षं! संग्राहक तोवर निदान नाणं बघत तरी बसला असता.

आपल्याकडचं खरं दुर्मिळ सोनं म्हणजे शिवाजी महाराजांचा होन. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेला, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. वजन तीन ग्रॅमसुद्धा नाही. आज असे होन अगदी मोजकेच उरलेत, आणि बाजारात कुणी स्वस्तात होन देऊ लागला तर हात जोडून पुढे जावं. खरी जुनी नाणी पाहायची असतील तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथं नाण्यांचं संग्रहालयही आहे.

माझा तो आतेभाऊ इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला. "दादा, आजीची ती गिनी मला पाठव ना, लागेल तो भाव देतो," असं तो दर दिवाळीला फोनवर म्हणतो. शंभर वर्षं पुरी झालेलं नाणं आपल्या १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते कुणालाही असं परदेशी पाठवता येत नाही. आणि आमची गिनी २०१८ सालीच शंभरीला पोहोचली! तेव्हा मी त्याला दर वर्षी एकच सांगतो, तू इकडे ये, भिंग मी देतो.