लाकडाखालचा बर्फ

टोरोंटोत युनियन स्टेशनवर गाडीतून उतरलं, की बाहेरची थंडी अंगाला न लागता छताखालच्या वाटेनं थेट स्कॉशियाबँक अरीनात पोचता येतं. आइस हॉकीच्या सामन्याच्या संध्याकाळी वाट विचारावीही लागत नाही. निळ्या जर्सीवर पांढरं मेपलचं पान मिरवणारी गर्दीच आपल्याला दारात नेऊन सोडते.

आत शिरताच डोळ्यांत भरतो तो बर्फाचा पांढरेपणा. पण तो दिलेला रंग. खाली काँक्रीट, त्याच्या पोटात गार खारं पाणी खेळवणाऱ्या नळ्या आणि वर एकावर एक गोठवलेले पाण्याचे पातळ थर. मग पांढरा रंग, लाल-निळ्या रेघा, पुन्हा पाणी. एवढं करून जाडी जेमतेम इंच-सव्वा इंच! २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अशा या कवचावर दांडगे गडी भिरभिरतात, कडेच्या फळ्यांवर धडाधड आदळतात आणि २० मिनिटांच्या खेळात त्याची पार रया घालवतात.

मग मध्यंतरात झॅम्बोनी येते. ही अवजड, संथ गाडी ओरखड्यांचा पापुद्रा तासते आणि मागे गरम पाणी पसरत जाते. बर्फावर गरम पाणी! पण तेच वरचा थर किंचित वितळवून नवं पाणी खालच्या बर्फाशी घट्ट सांधतं. गाडीमागे ओला, चकचकीत पट्टा उमटत जातो, ताज्या सारवलेल्या अंगणासारखा. हातात बियरचे ग्लास घेतलेली माणसं तेही तल्लीन होऊन बघतात.

खरी करामत मात्र प्रेक्षक घरी गेल्यावर सुरू होते. दुसऱ्या दिवशी रॅप्टर्सचा बास्केटबॉलचा सामना असला, की कामगार कडेच्या काचा उतरवतात, बर्फावर उष्णतारोधक फळ्या अंथरतात आणि त्यावर लाकडी मैदान तुकड्यातुकड्यांनी जोडतात. बर्फ कोणी वितळवत नाही. उंचेपुरे खेळाडू घामाघूम होऊन धावतात, तेव्हा त्यांच्या बुटांखाली हॉकीच्या रेघा तशाच गोठलेल्या असतात.

मोडण्यापेक्षा झाकण्याकडे या वास्तूचा मुळातच ओढा. १९९९ साली ती उघडली, पण त्याआधी इथे टपाल खात्याची इमारत होती. तिच्या दर्शनी भिंती राखून मागे अरीना उभी केली. दळणवळणाचा इतिहास सांगणारी शिल्पं त्या दगडी भिंतींवर आजही आहेत. वर्षानुवर्षं त्यांच्याखालून लोक मेपल लीफ्स या हॉकी संघाचा खेळ बघायला जातात आणि बहुतेकदा चरफडत परततात, कारण या संघाला विजेतेपदाचा स्टॅनले कप शेवटचा मिळाला तो १९६७ साली. रॅप्टर्सनी २०१९ मध्ये विजेतेपद आणलं, शहर रस्त्यावर उतरून नाचलं. पण हॉकीची ती जुनी आस काही त्यानं फिटली नाही. तीही लाकडाखालीच राहिली.

बाहेरून आलेल्यांनाही या शहरात असंच थरावर थर चढवत राहता येतं. कॅनडात हॉकीचं पंजाबी समालोचन २००८ पासून ऐकू येतं. मराठी समालोचन नाही, पण ती उणीव प्रेक्षकांतले आपले लोक भरून काढतात. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते. क्रिकेट बघण्यात आयुष्य गेलेलं. रबराची ती तीन इंची काळी चकती त्यांच्या नजरेला सापडेना.

"अरे, बॉल आहे कुठे?"

"आजोबा, बॉल नाही, पक! आणि त्याच्याकडे बघूच नका. माणसं कुठे धावतायत ते बघा," नातू म्हणाला.

तिसऱ्या सत्रापर्यंत आजोबा कठड्यावर हात आपटून ओरडत होते, "अरे, सोड त्याला! डावीकडे दे, डावीकडे मोकळा आहे!" सल्ला अगदी बिनचूक होता. गड्यानं तो ऐकला नाही, आणि पक घालवला.