वायलेनगरचे मैदान

लग्नकार्यानिमित्त कल्याणला आपल्यापैकी अनेकांचे जाणे होते. पुढील खेपेस सवड काढून पश्चिमेकडील वायलेनगरात जावे. तेथील युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर पाहण्यासारखे भव्य असे काही नाही. तरीही क्रिकेटच्या इतिहासात त्याची नोंद आहे.

४ व ५ जानेवारी २०१६ रोजी आंतरशालेय भंडारी चषकाच्या सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने येथे नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्सने १८९९ मध्ये केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम पहिल्याच दिवशी मागे पडला. १२९ चौकार आणि ५९ षटकार, म्हणजे ८७० धावा. उरलेल्या १३९ धावा मात्र पळून काढलेल्या. हा मुलगा एका रिक्षाचालकाचा.

परंतु वहीची एकच बाजू वाचून हिशेब कळत नाही, हे व्यापारी घरांत लहानपणीच शिकवले जाते. दुसऱ्या बाजूस आर्य गुरुकुल शाळेची मुले होती. त्यांचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. प्रतिपक्षाच्या धावा ३ बाद १४६५ पर्यंत चढत गेल्या, तरी ती मुले मैदान सोडून गेली नाहीत. चेंडू टाकत राहिली, आणून देत राहिली.

क्लिफ्टनच्या त्या मैदानाला आज कॉलिन्सचे नाव आहे. कल्याणच्या मैदानात कधी फलक लागलाच, तर त्यावर दोन्ही शाळांची नावे असावीत.