कोणते तेवीस किल्ले?

घरी इतिहास शिकवायला जे खेळ विकत मिळतात, त्यांतले बरेचसे प्रश्नमंजुषेचेच असतात. पत्ता उचलायचा, सन सांगायचा, गुण घ्यायचे. त्यातून पाठांतर होतं आणि पाठांतराला मी नावं ठेवत नाही; पण खेळाची खरी ताकद तिथे वाया जाते. इतिहासातल्या माणसांना पुढे काय होणार हे ठाऊक नव्हतं, आपल्याला ते ठाऊक असतं. गोष्ट सांगताना हे अंतर मिटत नाही. खेळात मात्र मूल काही काळ त्या माणसांच्या जागी बसतं. म्हणून खेळ रचताना मी एकच कसोटी लावते: यात मुलाला निवड करावी लागते का, आणि ती त्याला जड जाते का?

पुरंदरचा तह घ्या. जून १६६५. तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांना गेला. बारा किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख शिवाजी महाराजांकडे राहिला. हा आकडा मुलांना पाठ असतो, पण कोणते तेवीस, हे सहसा कुणी विचारलेलं नसतं. किल्ल्यांच्या पस्तीस चिठ्ठ्या सह्याद्रीच्या नकाशावर मांडाव्यात आणि बाराच ठेवायला सांगावं. मूल आधी ओळखीची नावं धरून बसतं: कोंढाणा, पुरंदर, लोहगड. मग एक नियम सांगायचा, की ज्या किल्ल्याला शेजारून मदत पोहोचत नाही तो वेढ्यात आधी पडतो. आता पुण्याच्या अंगाच्या चिठ्ठ्या एकेक सुटू लागतात. राजगड आणि तोरणा एका डोंगरधारेने जोडलेले, म्हणून ते जोडीने राहतात. घाटापलीकडचा रायगडही हातचा सोडवत नाही. तहाची यादी यानंतरच दाखवायची. हे तिन्ही गड महाराजांनी राखले आणि कोंढाणा, पुरंदर, लोहगड दिले, हे तेव्हा मूल नुसतं वाचत नाही, आपल्या चिठ्ठ्यांशी ताडून बघतं.

अर्थात ही निवड एकट्या महाराजांची नव्हती. समोर मिर्झाराजे जयसिंग होते, आणि तो डाव दुसऱ्या मुलाने खेळायचा. त्याच्यावरही वेळेचा ताण असतो: पावसाळा तोंडावर, विजापूरची मोहीम पुढे उभी, आणि मंजुरी दूर बसलेल्या औरंगजेबाची. दर फेरीला स्वराज्यातली काही गावं जळतात, कारण जयसिंगाच्या फौजांनी राजगड-कोंढाण्याच्या परिसरात तेच केलं होतं. छावणीत तेव्हा मनुची हा व्हेनिसचा माणूस होता. आपण जयसिंगाबरोबर पत्ते खेळत असताना शिवाजी महाराज तंबूत आले, असं त्याने लिहून ठेवलं आहे. हा तपशील मुलांना फार आवडतो.

नियम म्हणजे कारणमीमांसाच. नियम चुकला तर खेळ रंगेल आणि खोटं शिकवेल. म्हणून खेळ मांडण्यापेक्षा जयसिंगाची पत्रं आणि सभासदाची बखर चाळण्यात माझा जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा.

घरातल्या मोठ्यांचा एक आक्षेप मला मनापासून समजतो: महाराजांची माघार हा काय खेळाचा विषय आहे? पण किल्ले देताना काय गेलं हे ज्याला कळलं नाही, त्याला फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा परत घेताना तानाजींनी प्राण का पणाला लावले, हे कसं उमगणार? दुसरा आक्षेप असा, की मुलाने वेगळा निर्णय घेतला आणि ते जिंकलं तर? जिंकू द्यावं. मग विचारावं, की तुला माहीत असलेली कोणती गोष्ट त्यांना तेव्हा माहीत नव्हती? पुष्कळदा उत्तर लगेच येत नाही, आणि ते शोधायला मूल पुन्हा पुस्तक उघडतं.

राहिला प्रश्न परीक्षेतल्या सनावळ्यांचा. जयसिंग दक्षिणेत आलाच कशाला, हे खेळणारं मूल विचारल्याशिवाय राहत नाही. १६६३ चा लाल महाल आणि १६६४ ची सुरत त्याला तिथे भेटतात. पुरंदरनंतर पुढे काय, म्हणून १६६६ ची आग्रा भेट. घोकून हेच सन त्याच क्रमाने पाठ होतात, पण एकातून दुसरं का निघालं हे मात्र तिथे कुणी विचारत नाही.