काकु आणि पितळ
सॅक्सोफोनवर शुद्ध स्वर काढायला शिस्त लागते. त्या स्वरावर हेतुपूर्वक ओरखडा उमटवायला कंठ लागतो. वादक ज्याला गुरगुर म्हणतात, ती काढताना रीडवर फुंक चालू असतानाच घशातून निराळा स्वर गुणगुणावा लागतो. दोन नाद एकमेकांवर घासतात आणि आवाज खरखरीत होतो. कुजबुज हवी असेल तर खालचा जबडा सैल सोडायचा. कंप हवा असेल तर तोच हळूहळू चघळल्यासारखा हलवायचा. बोटांना यात फारसे काम नाही. अदोल्फ साक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतले ते पितळेचे. उरलेले वाद्य वादकाने आपल्या देहात घडवायचे असते.

भिलाईत साठीनंतर मी हे शिकू लागलो. माझे शिक्षक पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. पूर्वी लग्नसराईत बँडमध्ये वाजवीत. वरचे पुढचे दात गेल्यापासून त्यांना माउथपीस पेलत नाही. त्यामुळे ते वाजवून दाखवीत नाहीत, गळ्याने दाखवितात. “सरजी, पहले गले में लाइए,” एवढाच त्यांचा पाठ.

काव्यशास्त्राच्या तासाला मी अनेक वर्षे ‘काकु’ शिकविली: शब्द तेच, पण स्वर बदलताच विधानाचा प्रश्न होतो, होकाराचा नकार. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने काकूचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील क्षेत्रकाकु म्हणजे देहपरत्वे येणारा भेद. यंत्रकाकु म्हणजे वाद्यपरत्वे येणारा. त्याने हे दोन प्रकार वेगळे ठेवले. गुरगुरीत ते एकमेकांत मिसळतात, आणि ऐकणाऱ्याला पितळ बोलते आहे की माणूस, हे ठरविता येत नाही.

कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये हे वाद्य ऐकले आणि पुढे ते कर्नाटक संगीतात रुजविले. त्यांना गुरगुरीपेक्षा गमक हवे होते, दोन स्वरांमधली ती न तुटणारी वाट. गरज आधी आणि युक्ती नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुष्कळांना एकदा गुरगुर साधली की ते चाटमसाल्यासारखी ती सर्वत्र भुरभुरतात. (समीक्षेतही काही शब्दांचे असेच होते.) भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी ज्यांनी ऐकली, त्यांना खरखरीचे प्रयोजन वेगळे सांगावे लागत नाही. हातातल्या तंबुऱ्याची गदा झाली की आवाजालाही धार येई. प्रसंग सरला की तोच आवाज गोष्ट सांगण्यापुरता उरे.

सध्या मला आठ ओळींची एक संथ धून दिली आहे. तीत गुरगुरीला मुभा एकाच जागी, सहाव्या ओळीच्या अखेरच्या स्वरावर. ती जागा आली की शिक्षक डोळे मिटून दोन बोटे माझ्या गळ्यावर ठेवतात. थरथर लागली तर मान हलवितात; नाही लागली तर बोटे काढून घेतात, आणि मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो.