गुळाचा नैवेद्य

मला आयुष्यात एकच पदवी मिळाली आणि तीही कल्याणच्या आमच्या आळीने दिलेली: गुळाचा गणपती!

१९७१च्या आषाढात नोकरीसाठी कोकणातून आलो. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये डोळा लागला. कल्याण गेले, शहाड गेले, आंबिवली गेले. जाग आली ती टिटवाळ्याला. सकाळी नळावर मी ही हकीकत भाबडेपणाने सांगितली. "गुळाचा गणपती टिटवाळ्याच्या गणपतीला भेटून आला!" कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. मीही हसलो. परक्या गावात माणूस दुसरे काय करणार?

भाद्रपदात आळीच्या गणपतीसमोर पडदा बांधून सिनेमा दाखवायचे ठरले. नाव ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. 'गुळाचा गणपती'! सतरंजीवर बसलो असतो, तर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या असत्या. म्हणून मी गुपचूप पडद्यामागे जाऊन उभा राहिलो.

मागूनही चित्र दिसते. फक्त अक्षरे उलटी. १९५३ सालच्या या चित्रपटाची कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन सारे पु. ल. देशपांड्यांचे. सगळी सूत्रे हाती असताना या गृहस्थाने स्वतःसाठी भूमिका घेतली ती कुणीही हसावे अशा भोळ्या नाऱ्याची! पुढून हशाच्या लाटा येत होत्या. त्या नाऱ्याच्या अंगावर फुटत होत्या आणि पाठीशी उभ्या असलेल्या माझ्याही. पण हळूहळू जाणवले, हे हसणे नळावरचे नव्हे. यात त्याची काळजीही होती. भीमसेन जोशींचे 'इंद्रायणी काठी' सुरू झाले आणि पलीकडची कुजबुज थांबली. माझे डोळे भरून आले. अंधार होता म्हणून निभावले.

एवढ्यात पडद्याला वळसा घालून शेजारच्या काकू आल्या. "अरे, एकटाच काय उभा इथे?"

"इथून बरे दिसते, काकू."

त्या घटकाभर पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरे कसले? इथून सगळे डावखुरे दिसतात की रे!"

आम्ही दोघेही खळखळून हसलो. त्यांनी पदराआडची वाटी माझ्या हातात दिली. आत आरतीची खिरापत होती, गूळ आणि खोबरे.

गुळाच्या गणपतीला गुळाचाच नैवेद्य! त्या रात्री ती पदवी मला प्रथमच गोड लागली. वाटी संपवली आणि काकूंच्या मागोमाग सतरंजीवर जाऊन बसलो.