जिथे वाड्यासाठी गाव उठवले

इंग्लंडमधल्या डर्बी शहरापासून वायव्येला चार-पाच मैल गेले की केडल्स्टनचे विस्तीर्ण कुरण लागते. तळे, त्यावर दगडी पूल, जुनी झाडे, चरणाऱ्या मेंढ्या, आणि समोर सहा उंच खांबांच्या दर्शनी भागाचा भव्य वाडा. हाच केडल्स्टन हॉल. वाड्याला अगदी खेटून एक जुने चर्च आहे. चर्च म्हटले की भोवती गाव आलेच. इथे मात्र चर्चच्या आसपास घरांचा पत्ता नाही.

एके काळी तिथे गाव होते. नॅथॅनियल कर्झन या जमीनदाराने १७५९ च्या सुमारास हा वाडा बांधायला काढला. विटांचे जुने घर पाडले. सार्वजनिक रस्ता दूर वळवला. आणि गावही तिथून उठवून नजरेआड नेऊन वसवले. चर्च तेवढे राहिले, त्यात घराण्याच्या समाध्या आहेत. म्हणजे आज आपल्याला निसर्ग म्हणून जे हिरवे कुरण डोळे भरून पाहावेसे वाटते, तीसुद्धा बांधून काढलेलीच वस्तू आहे.

काम तीन वास्तुकारांच्या हातून गेले. ब्रेटिंगहॅमने सुरुवात केली, पेनने पुढे नेले आणि १७६० च्या सुमारास रॉबर्ट ॲडम या स्कॉटिश तरुणाने सूत्रे घेतली. ॲडम नुकताच रोममधले प्राचीन अवशेष अभ्यासून आला होता. मागच्या, दक्षिणेकडच्या बाजूला त्याने सम्राट कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीचा नमुना घेतला आणि वर घुमट बसवला. रोममध्ये ती कमान लढाई जिंकल्याची खूण होती. डर्बीच्या जमीनदाराने कोणती लढाई जिंकली होती, हे विचारायचे नाही!

आतले संगमरवरी दालन मात्र खरोखर थक्क करते. पंचवीस-पंचवीस फूट उंचीचे वीस खांब, फिकट शिरांच्या अलाबास्टर दगडाचे. हा दगड कर्झनच्याच खाणीतला. भिंतींना खिडक्या नाहीत, उजेड छतातून उतरतो. खांब आधी गुळगुळीत उभे केले होते. पुढे मालकाचे मन बदलले आणि १७७० नंतरच्या दशकात उभ्या खांबांवरच वरपासून खालपर्यंत खाचा कोरून घेतल्या. ज्यांनी हातात छिन्नी धरली आहे त्यांना सांगायला नको, एक घाव चुकला तर अख्खा खांब वाया. ॲडमचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या पाथरवटांच्या हाताला मात्र दाद द्यावी तेवढी थोडी. दालनाच्या पलीकडे गोल दिवाणखाना आहे, घुमटापर्यंत ६२ फूट उंच.

एवढे करून या मधल्या इमारतीत घरचे लोक राहतच नव्हते. ती पाहुण्यांना दाखवायची. कुटुंब एका बाजूच्या वेगळ्या इमारतीत राही, स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूच्या इमारतीत. दोन्ही इमारती कमानदार वळणाच्या मार्गिकांनी मधल्या वाड्याला जोडलेल्या. भटारखान्याचा वास आणि गलबला दिवाणखान्यात येऊ नये, ही योजना. त्यासाठी ताटे एवढ्या लांबून कोणाला वाहावी लागत, हे नकाशा पाहिला की कळते. अशा चार बाजूच्या इमारती व्हायच्या होत्या, दोनच झाल्या.

वाडा पाहायला तेव्हाही लोक येत. मिसेस गार्नेट नावाची कारभारीण त्यांना हिंडवून माहिती देई. हातात माहितीपुस्तिका धरलेले तिचे चित्र वाड्यात आहे. नोकरवर्गातल्या बाईचे चित्र असे लावलेले क्वचितच दिसते. १७७७ साली शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन येऊन गेले. ही इमारत नगरभवन म्हणून छान शोभेल, असा शेरा त्यांनी मारला. खांबांच्या दालनात न्यायाधीश बसवावेत, गोल दालनात ज्युरी आणि वरच्या खोलीत कैदी!

या नकाशाचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. गव्हर्नर जनरल वेलस्लीने १७९९ ते १८०३ मध्ये कलकत्त्यात जे सरकारी निवासस्थान उभारले, ते कॅप्टन चार्ल्स वायट याने केडल्स्टनच्या धर्तीवर रचले. इंग्लंडात राहून गेलेल्या बाजूच्या चारही इमारती इथे पूर्ण झाल्या. पैसा कंपनी सरकारचा, म्हणजे रयतेचा. पुढे १८५९ साली केडल्स्टनच्या त्या वाड्यात जन्मलेला जॉर्ज कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून याच निवासस्थानी राहायला आला. ज्याने १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली तोच हा लॉर्ड कर्झन. केडल्स्टनच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे.

केडल्स्टनचा वाडा १९८७ पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि लोकांना पाहता येतो. कलकत्त्याच्या इमारतीत राज्यपाल राहतात. त्या इमारतीचे स्वयंपाकघर इंग्रजांच्या काळी आवाराच्याही बाहेर होते, आणि जेवण रस्ता ओलांडून आणावे लागे.